सापाच्या पिल्लाला दूध नको, एकांत हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी पेनसिल्व्हेनियात राहते आणि आपला अंक इथे नियमित वाचते. आमच्या घरी दोन वर्षांपासून मिल्क स्नेक जातीचा एक साप आहे आणि नातेवाइकांत त्याचे फोटो फिरत असतात. ते पाहूनच माझ्या बहिणीच्या मुलाने सांगली जिल्ह्यातील आपल्या गावातून परवा फोन केला. गोठ्यामागच्या ओलसर जागेत सापाची पिल्ले निघाली होती. त्याने त्यातले एक काठीने बरणीत ढकलले होते आणि वाटीभर दूध ठेवूनही ते पीत नाही, म्हणून तो काळजीत पडला होता. मुलगा दयाळू आहे, पण त्या दयेतून पिल्लाचा आणि त्याचाही जीव जाण्याची वेळ आली असती. त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

मिल्क स्नेक हे नावच मुळी एका गैरसमजातून पडले आहे. हा साप उंदरांच्या मागावर गोठ्यात शिरतो, तेव्हा तो गाईचे दूध पिण्यासाठीच येतो, असे अमेरिकेतले जुने शेतकरी मानत. आपल्याकडे धामणीबद्दल नेमके हेच सांगितले जाते: ती गाईच्या पायांना विळखा घालते आणि आचळाला तोंड लावते. दोन खंडांतल्या शेतकऱ्यांनी, एकमेकांची गाठ पडलेली नसताना, गोठ्यातल्या उंदीर खाणाऱ्या सापावर एकच आळ घातला, याचे मला फार वाईट वाटते. सापाला चोखण्यासाठी लागणारे ओठ नसतात, त्याचे दात आत वळलेले व टोकदार असतात, आणि दूध त्याला पचत नाही. नागपंचमीला साप दूध पिताना दिसतो तो बहुधा अनेक दिवस तहानलेला ठेवलेला असतो आणि समोर येईल तो द्रव पितो.

आमच्याकडे आहे तो मेक्सिकोतील पुएब्ला भागातील जातीचा, पिंजऱ्यातच अनेक पिढ्या पैदास झालेला साप. तो आला तेव्हा वीतभर लांब आणि पेन्सिलीहून थोडा जाड होता. अंगावर लाल, काळे व पांढरे पट्टे. या जातीची पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तेव्हा पोटात बलकाचा शिल्लक साठा असतो, म्हणून साधारण आठवडा ते दोन आठवड्यांनी पहिली कात टाकेपर्यंत त्यांना खाणे देत नाहीत. त्यानंतर उंदराचे नुकते जन्मलेले, अंगावर लवही न आलेले पिल्लू, गोठवून ठेवलेले व कोमट पाण्यात पूर्ण वितळवलेले, पाच ते सात दिवसांतून एकदा द्यायचे. घास सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून फार मोठा असता कामा नये, आणि खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, नाहीतर तो घास उलटून टाकतो.

माझी पहिली चूक जागेची होती. प्रेमापोटी मी त्याला मोठी काचपेटी आणली, त्यात फांद्या आणि दगड ठेवले, आणि दुकानदाराच्या सल्ल्याने तापणारा कृत्रिम दगडही घेतला. पिल्लाने तीन आठवडे काही खाल्ले नाही. रानात हे पिल्लू सालीखाली, दगडाखाली अंग चेपून राहते. उघड्यावर आले की पक्ष्याचा घास होते, म्हणून मोकळी जागा त्याला सुख न देता भय देते. पुढे एका अनुभवी पैदासकाराच्या सांगण्यावरून त्याला डब्याएवढ्या लहान पेटीत हलवले: तळाला कागदी रुमाल, लपायला दोन आडोसे, पाण्याची लहानशी वाटी, एका टोकाला सुमारे २९ अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला २३-२४ अंश तापमान, म्हणजे त्याला हवे तिथे सरकता यावे. तापणारा दगड तर त्याच दिवशी काढून टाकला, कारण तो एका जागी बेसुमार तापतो आणि सापाचे पोट भाजते. चौथ्या दिवशी रात्री पिल्लाने घास घेतला. त्या रात्री आम्ही सगळे दिवा बंद करून श्वास रोखून बसलो होतो.

काही पिल्ले तरीही खात नाहीत. रानात त्यांचा पहिला घास बहुतेकदा सरड्यासारखा प्राणी असतो, उंदीर नसतो. म्हणून जाणकार लोक उंदराच्या पिल्लाला पालीचा वा सरड्याचा वास लावून देतात. शिवाय ही पिल्ले एकत्र ठेवता येत नाहीत. मिल्क स्नेक इतर साप खातो, आपली भावंडेही त्याला वर्ज्य नाहीत. झाकणाला बोटाच्या पेराएवढी फट राहिली तरी पिल्लू निसटते. आणि एवढे सगळे सांभाळले तर हा प्राणी १५ ते २० वर्षे जगतो. घरातला मुलगा शिक्षणासाठी बाहेर पडला तरी साप मागे राहणारच, याचा विचार आधी करावा लागतो.

आता भाच्याच्या बरणीकडे वळते. आमचा साप बिनविषारी आहे, त्याची पैदास माणसाच्या हाताखाली झाली आहे आणि तो आम्ही रीतसर विकत घेतला आहे. गोठ्यामागच्या पिल्लाबाबत यातले काहीच खरे नव्हते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार रानातला साप पकडून घरी ठेवता येत नाही, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नासणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते. त्याहून तातडीची गोष्ट ही, की नाग, मण्यार, घोणस यांची पिल्ले जन्मल्या क्षणापासून विषारी असतात, आणि लहानपणी ओळखण्यात भल्याभल्यांची गल्लत होते. बिनविषारी कवड्या मण्यार समजून मारला जातो, आणि मण्यार कवड्या समजून हाताळली जाते. अमेरिकेतही मिल्क स्नेक विषारी कॉपरहेड समजून ठेचला जातो. भाच्याला मी बरणीपासून दूर उभे राहायला आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायला सांगितले. तिथून आलेल्या सर्पमित्रांनी ती पिल्ले दिवड या बिनविषारी सापाची असल्याचे ओळखले आणि जवळच्या ओढ्याकाठी सोडली.

पावसाळ्यात, म्हणजे ऐन श्रावणात, आपल्याकडे अनेक जातींच्या सापांची पिल्ले अंड्यांतून बाहेर येतात आणि त्याच सुमारास आपल्या अंकात सापांची सर्वाधिक छायाचित्रे छापली जातात. माझी विनंती आहे की विदेशी पाळीव सापाचे छायाचित्र छापताना तो कोणत्या जातीचा आहे, पिंजऱ्यात पैदास झालेला आहे की नाही, आणि आपल्या रानातला साप असा ठेवता येत नाही, हे त्याखालीच छापावे; आणि नागपंचमीच्या अंकात १९२६ हा क्रमांक पहिल्या पानावर, मुलांनाही सहज वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरांत द्यावा.

आपली नम्र,
एक वाचक, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका