पाळकीय समुपदेशनाची पदवी कशासाठी?

तीर्थरूप बाबा व आई यांस,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

बाबा, प्रार्थना आणि पवित्र शास्त्र हाती असताना दुःखितांच्या सांत्वनासाठी पदव्युत्तर पदवी कशाला हवी, हा तुमचा प्रश्न फोनवर घाईत मिटवण्यासारखा नव्हता, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

इथे अमेरिकेत या शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत अँटन बॉइसन यांचे नाव आधी घेतात. ते पाळक होते आणि १९२० साली तीव्र मानसिक आजारामुळे त्यांनाच रुग्णालयात ठेवावे लागले होते. बरे झाल्यावर त्यांनी वूस्टरच्या मनोरुग्णालयात सेवा पत्करली आणि १९२५ साली ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तिथे प्रशिक्षणासाठी बोलावले. ग्रंथ जितक्या काळजीने वाचतो, तितक्याच काळजीने समोरचा माणूस वाचावा, हा त्यांचा आग्रह होता. त्याच परंपरेतले रुग्णालयातील एक सत्र आजही किमान ४०० तासांचे असते.

त्यात भेटीनंतर रुग्णाशी झालेला संवाद आठवून शब्दशः लिहायचा आणि पर्यवेक्षक व सहाध्यायी यांच्यासमोर मांडायचा असतो. ‘मला देवाचा राग येतो’ असे कोणी म्हणताच विद्यार्थ्याने शास्त्रातले वचन सांगितले असेल, तर ते रुग्णाच्या गरजेपोटी सांगितले की स्वतःची अस्वस्थता झाकण्यासाठी, हे तिथे विचारले जाते. वचन खोटे नसते, पण वेळ चुकलेली असू शकते. पवित्र शास्त्रातल्या संकटग्रस्त ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर त्यांचे बरोबर होते. बिघडले ते बोलायला लागल्यावर! हे बसणे उपजत येते असे मला वाटत असे, आता वाटत नाही.

शास्त्रवचन पुरेसे आहे, मानसशास्त्राचा आधार नको, ही मांडणी अमेरिकी पाळक जे अॅडम्स यांनी १९७० साली जोरात केली आणि तुमचे मत त्याच्या जवळचे आहे, हे मी जाणते. परंतु नैराश्याला विश्वासाची उणीव समजून औषधोपचार लांबवणे मला धोक्याचे वाटते. मनोविकारतज्ज्ञाकडे केव्हा पाठवायचे आणि बालकावरील अत्याचार कळल्यास गुप्ततेपलीकडे जाऊन कायद्याने कोणाला कळवायचे, हेही शिकावेच लागते.

आई, या पदवीने पाळक म्हणून माझी दीक्षा होणार नाही. त्यासाठीचा अभ्यासक्रम निराळा आहे. समुपदेशकाचा परवाना इथे प्रत्येक राज्य आपल्या नियमांनुसार देते, आणि त्याकरिता पदवीनंतरही पर्यवेक्षणाखाली काम करून परीक्षा द्यावी लागते.

उन्हाळ्यातील रुग्णालयीन सत्राच्या अर्जासोबत घराण्याचा व स्वतःच्या विश्वासाचा वृत्तांत जोडायचा आहे. आजोबांच्या अखेरच्या आजारपणात पाळक येत, प्रार्थना होई, पण त्यांना भीती वाटते का, हे घरात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. तुम्हाला काय आठवते ते, बाबा, जसेच्या तसे लिहून पाठवावे.

आपली,
धाकटी