मीटरचा आकडा भट्टीपाशी पोचला पाहिजे

संपादक महोदय,

बेळगावच्या उद्योगक्षेत्रात सध्या हरित उत्पादन आणि डिजिटायझेशन या दोन विषयांवर कार्यशाळा, प्रदर्शने आणि भाषणे होत आहेत, याचे मी मनापासून स्वागत करतो. उद्यमबाग, मच्छे, काकती आणि होनगा येथील फौंड्र्या (धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने) व मशीन शॉप यांवर या सीमाभागातील असंख्य मराठी आणि कन्नड कुटुंबांची चूल पेटते. येथून निघणारे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, वाहन, पंप आणि हायड्रॉलिक उद्योगाला देशभर जाते. एका लहान फौंड्रीत गेली अनेक वर्षे देखभालीचे काम पाहत असल्याने या विषयाची व्यासपीठावरून क्वचितच मांडली जाणारी एक बाजू आपल्या दैनिकातून मांडावी, असे वाटले.

हा विषय आता हौसेचा राहिलेला नाही. शेअर बाजारातील बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना भांडवली बाजाराची नियामक संस्था 'सेबी'ने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. युरोपीय संघाने लोखंड, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट आदी मालावर कार्बन शुल्क आकारण्याची व्यवस्था केली असून १ ऑक्टोबर २०२३ पासून आयातदारांना नोंदी देणे बंधनकारक झाले, तर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा लागू झाला. यंत्रांचे आणि वाहनांचे बरेचसे सुटे भाग त्या यादीत नाहीत, तरीही मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडून वीज, डिझेल, पाणी आणि टाकाऊ मालाचे आकडे मागू लागल्या आहेत. लहान कारखान्यांत हे आकडे कसे भरले जातात, ते मी जवळून पाहिले आहे. महिनाअखेरीस हिशेबनीस वीजबिल समोर घेतात, उत्पादनाचा अंदाज धरतात आणि ग्राहकाच्या पोर्टलवरील चौकोन भरून टाकतात. त्या माहितीत खोटेपणाचा हेतू नसतो. पण प्रत्यक्ष मोजमापही नसते. अशा अंदाजांवर उभे राहिलेले हरित अहवाल उद्या तपासणीत टिकणार नाहीत, ही मला खरी चिंता वाटते.

फौंड्रीत ऊर्जेचा सर्वांत मोठा वाटा धातू वितळवण्यात जातो. इंडक्शन भट्टीत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या भट्टीत, एक टन लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे ते सातशे युनिट वीज लागते. आपल्या देशातील ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे सहाशे युनिट धरले तर टनामागे सव्वाचारशे किलोच्या आसपास. आता शंभर टनांत पाच टन माल सदोष म्हणून रिजेक्ट झाला असे समजू. तो माल भंगार म्हणून पुन्हा भट्टीत जातो आणि त्याच्यावर तीन हजार युनिट दुसऱ्यांदा खर्च होतात. शिवाय त्याचे साचे, कोअर (पोकळीसाठी साच्यात बसवलेले वाळूचे गाभे), मजुरी आणि वाळू वाया गेलेली असतेच. म्हणून रिजेक्शन कमी करणे हा माझ्या मते फौंड्रीतील पहिला हरित कार्यक्रम आहे. धातू साच्यात कसा भरेल आणि कोठे थिजेल हे ओतण्याआधीच संगणकावर दाखवणारी सिम्युलेशन प्रणाली या कामी फार उपयोगी पडते.

विजेचा दुसरा मोठा अपव्यय मात्र कोणत्याही माहितीपत्रकात दिसत नाही. धातू तयार असतो, तापमान मिळालेले असते, पण साचे मांडून झालेले नसतात किंवा क्रेन दुसऱ्या कामात अडकलेली असते. तोवर वितळलेले लोखंड भट्टीत धरून ठेवावे लागते. बऱ्याचदा भट्टीचे झाकण बाजूला केलेले असते, उष्णता छताकडे जात असते आणि ती भरून काढण्यासाठी वीज चालू ठेवावी लागते. रात्रपाळीत हे प्रमाण वाढते. आमच्याकडे वीजवापराची नोंद ठेवणारी संगणक प्रणाली बसली, तेव्हा तिचा पडदा कार्यालयात लावला गेला. तेथे रंगीत आलेख दिसत आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्यात हाती येई. भट्टीवरच्या कामगारांना त्यातले काहीच कळत नसे. पुढे भट्टीशेजारच्या खांबावर एक साधा फळा टांगला आणि प्रत्येक हीटनंतर, म्हणजे भट्टीतील एका वितळणीनंतर, वजन, युनिट आणि टनामागचे युनिट असे तीन आकडे खडूने लिहायला सुरुवात झाली. थोड्याच दिवसांत मोल्डिंगकडचे (साचे बनवणारे) आणि भट्टीवरचे लोक पाळीच्या सुरुवातीलाच एकमेकांशी बोलून साचे किती वाजता तयार होतील हे ठरवू लागले आणि त्यानुसार भट्टी भरू लागले. झाकण उघडे राहिले की कोणी ना कोणी हाक मारू लागला. प्रणाली तीच होती, तिच्यावर एक पैसाही जास्त खर्च झाला नाही. फक्त आकडा ज्याच्या हातात काम आहे त्याच्यासमोर आला.

छतावरील सौर पॅनेलबद्दलही थोडे स्पष्ट लिहायला हवे, कारण हरित म्हटले की आपल्याकडे प्रथम तेच सुचते. एक किलोवॉट क्षमतेचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते आणि त्यासाठी सुमारे शंभर चौरस फूट छत लागते. म्हणजे दहा हजार चौरस फूट छतावर शंभर किलोवॉट बसवले, तरी दिवसाचे चारशे युनिट हाती येतात, ज्यात एक टन लोखंडही वितळत नाही. आपल्याकडचा पावसाळा धरला तर जुलै-ऑगस्टमध्ये त्याहूनही कमी. पॅनेल जरूर बसवावीत, दिवे, काँप्रेसर आणि मशीन शॉप यांना त्यांचा मोठा आधार होतो. मात्र पॅनेल बसवले आणि भट्टीचे झाकण उघडेच राहिले, तर त्या कारखान्याला हरित कसे म्हणायचे?

साच्यांसाठी वापरलेल्या वाळूचा प्रश्नही असाच बाजूला पडतो. बेंटोनाइट ही चिकणमाती आणि कोळशाची भुकटी मिसळलेली ही वाळू रस्त्याकडेला किंवा नाल्याकाठी टाकली जाते, हे बेळगावकर रोज पाहतात. तिच्यातली सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते आणि तिचा पहिला बळी कामगारच ठरतो. वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारी यंत्रे उपलब्ध आहेत, पण एका लहान कारखान्याला ती पेलवत नाहीत.

येथेच सामायिक व्यवस्थेची गरज येते. दहा-बारा लहान फौंड्र्यांनी मिळून एक ऊर्जा अभियंता नेमला, त्याने प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून अर्धा दिवस जाऊन मीटर तपासले, काँप्रेसरच्या हवेची गळती शोधली, रिजेक्शनची कारणे लिहून घेतली, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च सहज परवडेल. सिम्युलेशन प्रणालीचे आणि वाळूच्या यंत्राचेही तेच. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून आपल्या शहरात आहे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प याच भट्ट्यांवर झाले, तर दोघांचेही भले होईल. पैशाची सोयही आहे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०२५ मध्ये सुरू केलेल्या योजनेत ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रांच्या कर्जावर सूक्ष्म व लघु उद्योगांना ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याजसवलत मिळते. मात्र यंत्र बसवण्यापूर्वीचा आणि नंतरचा वापर मोजून दाखवल्याशिवाय बचत सिद्ध करता येत नाही, आणि नेमके तेच मोजमाप लहान कारखान्यांकडे नाही.

म्हणून औद्योगिक संघटनांना आणि आपल्या भागाला वीज पुरवणाऱ्या हेस्कॉम कंपनीला माझी एक विनंती आहे. उच्चदाबाने वीज घेणाऱ्या ग्राहकांच्या मीटरमध्ये ठराविक मिनिटांच्या अंतराने वापराची नोंद साठत असते. ती दर महिन्याच्या बिलासोबत ग्राहकाला सहज वाचता येईल अशा स्वरूपात द्यावी, म्हणजे कोणत्या पाळीत, कोणत्या तासाला वापर वाढला हे लहान कारखानदाराला वेगळे उपकरण न घेताही कळेल. संघटनांनी ही मागणी एकत्रितपणे मांडावी, आणि नवी प्रणाली विकत घेताना भट्टीपाशी कन्नड व मराठीत आकडे दाखवणारा पडदा देण्याची अट विक्रेत्याला खरेदीच्या करारातच घालावी.

आपला विश्वासू,
एका फौंड्रीतील देखभाल पर्यवेक्षक,
उद्यमबाग, बेळगाव