देणगी नेमकी कशासाठी द्यावी? शालेय पोषण आहाराबद्दल मित्रास पत्र

मंगळवेढा,
दि. ५ जुलै २०२५

प्रिय मित्रास सप्रेम नमस्कार,

तुझे पत्र मिळाले. तुमच्या कंपनीला सामाजिक कामाच्या निधीतून आपल्या तालुक्यातील शाळांच्या जेवणासाठी काही करायचे आहे हे वाचून आनंद झाला. मात्र ‘तालुक्याला एकच मोठे स्वयंपाकघर बांधून गाडीने डबे पोचवले तर कसे’ हा तुझा बेत वाचून काळजीही वाटली. फोनवर हे सांगता आले असते, परंतु तुझ्या साहेबांपुढे ठेवायला काही लेखी हवे, म्हणून सविस्तर लिहितो.

तू शिक्षकी सोडून पुण्याला गेलास तेव्हा शाळेत चूल पेटतच नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची योजना होती खरी, पण ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचा, एवढेच तिचे आपल्याकडचे रूप. तो तांदूळ घरातल्या साऱ्या ताटांत विभागला जाई आणि शाळेतले मूल दुपारी उपाशीच बसे. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश दिला, त्यानंतर आपल्याकडे खिचडी आली. तमिळनाडूत तेव्हाचे मुख्यमंत्री कामराज यांनी हे काम १९५६ सालीच हाती घेतले होते, हे जाता जाता सांगतो.

आता हिशेब पाहा. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे निकष आहेत. त्यासाठी लहान मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी धरली जाते. तांदूळ केंद्राकडून येतो. डाळ, तेल, मसाला, भाजी आणि इंधन या सगळ्यासाठी मे २०२५ पासून पाचवीपर्यंतच्या दर मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे आणि वरच्या वर्गांसाठी १० रुपये १७ पैसे असा दर ठरला आहे. मंगळवेढ्याच्या चौकात एवढ्या पैशांत धड कटिंग चहा मिळत नाही. जून २०२४ मध्ये मटार पुलावापासून नाचणीसत्त्वापर्यंत पंधरा पाककृतींची यादी आली. यादी खरोखर चांगली आहे आणि रोजच्या पिवळ्या खिचडीला कंटाळलेली मुले तिच्यामुळे सुखावलीही आहेत. पण टोमॅटो महागला की तो खिचडीतून गायब होतो आणि मटाराचा पुलाव नावापुरता उरतो, त्याला यादी काय करणार? उन्हाळ्यात आमची अब्रू राखतो तो परसबागेतला शेवगा.

एक विसंगती तुलाही खटकेल. मालदांडी ज्वारीसाठी जो मुलूख ओळखला जातो, त्या मुलखातल्या पोरांच्या ताटात बाराही महिने भात, कारण फुकट येतो तो तांदूळच. भाकरी हवी म्हणावे तर इतक्या मुलांच्या भाकऱ्या दोन बायकांनी थापायच्या कशा, हाही प्रश्न आहेच. त्या तांदळात आता लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि ब-१२ जीवनसत्त्व घातलेले दाणे मिसळलेले असतात, शंभर दाण्यांत साधारण एक. हे दाणे जरा निराळे, पांढुरके दिसतात. परवा तांदूळ निवडताना आमच्या स्वयंपाकीण ताई नेमके तेच वेचून सुपाच्या कडेला बाजूला काढत होत्या. गावात ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी आवई उठली होती ना! त्यांना समजावून सांगितल्यावर ते दाणे परत पातेल्यात गेले. दिल्लीत ठरलेले पोषण मुलाच्या पोटात जाते की उकिरड्यावर, हे शेवटी त्या सुपावर ठरते, आणि म्हणूनच या बायकांशी बोलणे हा योजनेचा भाग असायला हवा.

त्यांच्याबद्दल आणखी थोडे. आमचा पट नव्वदच्या आसपास असल्याने नियमाप्रमाणे दोघी जणी आहेत. तांदूळ निवडण्यापासून भांडी घासून पटांगण झाडण्यापर्यंत सगळे त्यांच्याकडे, आणि मानधन महिन्याला २५०० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. तरीही कोणाला तिखट सोसत नाही, कोणाच्या घरी सकाळी चूल पेटलेली नाही, कोणाच्या ताटात एक डाव जास्त पडायला हवा, हे त्यांना बोलून दाखवावे लागत नाही. तुझे मोठे स्वयंपाकघर स्वच्छ असेल, शहरात त्याचा उपयोगही असेल. परंतु आपल्या वाड्यावस्त्यांच्या रस्त्यांवरून गाडी पोचेपर्यंत भात गार होणार, आणि गावातली एकल बाई जो हक्काचा रोजगार धरून आहे तो जाणार. सुरक्षिततेचा तुझा मुद्दा मात्र मी हलक्यात घेत नाही. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेल्या तेलाने तेवीस मुले दगावली, तेव्हापासून वाढण्याआधी चव घेण्याची नोंदवही आमच्यासाठी निव्वळ कागद राहिलेली नाही.

मग द्यायचे काय? अंडी द्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडे, आणि जे खात नाहीत त्यांना केळे, असा निर्णय घेतला. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे लहान मुलाची दिवसाची निम्मी भरती एका घासासरशी होते. अंड्याच्या वारी हजेरीपट पाहण्यासारखा असे. आमच्याकडे माळकरी आणि लिंगायत घरे बरीच. तुळशीमाळ घातलेला पोरगा केळे सोलत असे आणि शेजारचा अंड्याचे टरफल काढत असे, पंगतीत कोणाला काही वाटत नसे. जी काय हरकत होती ती शाळेबाहेरची होती. पुढे जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांसाठी निधी देणे थांबवले आणि हवे असल्यास लोकसहभागातून करा, असे सांगितले. दुष्काळी गावात लोकसहभाग म्हणजे कोणाच्या वाढदिवसाला घरच्यांनी शाळेला घातलेले जेवण, म्हणजेच तिथिभोजन, आणि त्यात बहुधा जिलेबी. इथून सीमा ओलांडली की कर्नाटकात मुलांना आठवड्याचे सहाही दिवस अंडे किंवा केळे मिळते. दोन दिवसांचा खर्च सरकारचा, चार दिवसांचा अझीम प्रेमजी फाउंडेशनचा. विजापूरकडच्या मामाकडे जाऊन आलेली पोरे मला त्याबद्दल विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसते.

आमच्या शाळेला आठवड्याला तीसचे तीन ट्रे लागतील. अंडे सात रुपयांना धरले तरी वर्षाच्या चाळीस आठवड्यांचे पंचवीस हजारांच्या आसपास होतात. दोन दिवस द्यायचे तर पन्नास. स्वयंपाकघर बांधण्याच्या पैशांत किती शाळांची किती वर्षे निघतील, ते तुम्हीच मांडून पाहा. दोनच अटी घाला. पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर तिमाहीला यावेत, आणि निदान तीन वर्षे थांबू नयेत, कारण सुरू करून बंद केलेले अंडे मुलांच्या फार लक्षात राहते. फलक, फोटो, उद्घाटन यांचा आग्रह साहेबांनी धरलाच तर एकदा उरकून घेऊ, त्यात काही बिघडत नाही. जमल्यास दोघी ताईंच्या मे महिन्याच्या मानधनाचाही विचार व्हावा. ती रक्कम पाच हजार रुपये आहे आणि शासनाच्या कोणत्याच शीर्षाखाली ती बसत नाही.

समितीची बैठक या महिनाअखेरीस आहे. त्याआधी तुझे होय-नाही कळले तर ठराव करून त्याची प्रत पाठवता येईल. शक्य झाल्यास साहेबांना घेऊन एखाद्या साध्या दिवशी, न कळवता, मधल्या सुट्टीच्या आधी ये. पंगतीला बसून जेवल्याशिवाय त्यांना सोडणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आईच्या गुडघ्याचे कसे आहे ते कळव.

तुझा मित्र,
मास्तर