पौलाला आठवत नव्हतं का?

प्रिय लेकी,

येशूच्या नावाने सलाम.

'पौलाला तीन वचनांपूर्वी आपण काय लिहिलं तेही आठवत नव्हतं का?' हा तुझा मेसेज वाचून आधी हसलो, मग बायबलमधल्या त्याच्या गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय काढून बसलो. दुसऱ्या वचनात तो एकमेकांची ओझी वाहायला सांगतो, आणि पाचव्यात म्हणतो, ज्याने त्याने आपला भार आपणच वाहावा. बायबलमधल्याच नीतिसूत्रांच्या पुस्तकात तर याहून कमाल. 26व्या अध्यायात चौथं वचन सांगतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. लगेच पाचवं म्हणतं, दे! ही दोन शेजारीशेजारी मांडणाऱ्याला विसंगती दिसली नसेल, हे मला पटत नाही.

आपण त्या वेळी कुठल्या बाजूला कललोय, त्यावर कुठलं वचन आपल्यासाठी ते ठरतं. आजीचंच बघ. जन्मभर दुसऱ्यांची आजारपणं काढली. मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळली, तेव्हा शेजारची बाई केस विंचरायला आली तर हिने फणी हिसकावून घेतली. हात वर जाईना, गुंता सुटेना, तरी 'माझं मी करते'! ओझं उचलणं तिला जमायचं, उचलू देणं जमेना. तिला गलतीकरांतलं दुसरं, एकमेकांची ओझी वाहण्याचं वचन हवं होतं. उठसूट मंडळीपुढे हात पसरणाऱ्या धडधाकट माणसाला मात्र मी पाचवंच वाचून दाखवीन.

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातही तेच. मत्तय 5:16 म्हणतं, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. 6:1 म्हणतं, लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. चारचौघांत प्रार्थनेला डोळे मिटायची लाज वाटते तेव्हा पहिलं आठव. कुणाला मदत करून तिचा फोटो स्टेटसला ठेवावासा वाटला, तर दुसरं.

सिद्धान्तातही दोन टोकं एकत्र धरावी लागतात. ख्रिस्त खरा देव आणि खरा मनुष्य, हे 451 साली खाल्सेदोनच्या धर्मपरिषदेने मांडलं, तेही बरंचसं नकारांतच: दोन्ही स्वभावांची मिसळ नाही, बदल नाही, फूट नाही, ताटातूट नाही. कसं ते सांगितलंच नाही; कुठलंही एक टोक सोडायचं नाही, एवढंच बजावलं. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

पण 'हे गूढ आहे' म्हणून कुणी तुझं तोंड बंद करू लागलं, तर सावध राहा. 'शेवटले ते पहिले होतील' हे पुढच्या खुर्चीत बसलेला माणूस मागे उभ्या असलेल्यांना ऐकवतो, तेव्हा त्यात गूढ काही नसतं, सोय असते.

विश्वास आणि कृतींचं राहिलंच: माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने की कृतींनी? धर्मसुधारक ल्यूथरने 1522 साली याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं. मला तो उतावीळपणा वाटतो. पौलाच्या रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय आणि याकोबाच्या पत्राचा दुसरा एका बैठकीत वाच. दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात, उत्पत्तीतलं वचनसुद्धा तेच, आणि निघतात दोन दिशांना: पौल विश्वासाकडे, याकोब कृतींकडे. वाचून झालं की फोन कर.

तुझा,
पप्पा