अण्णांच्या बोलण्याविषयी

नाशिक

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मिळाले. पक्षाघाताच्या झटक्यानंतर अण्णांची वाचा गेली, तेव्हा त्यांना कळते तरी किती आणि वाचा परत येईपर्यंत घरच्यांनी काय करायचे, असे तू विचारले आहेस. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते अधिक निकडीचे आहे. वाचा परत येण्याची वाट पाहत कोणीही त्यांच्याशी बोलणे थांबवू नये. अण्णांना पाणी आज हवे असते, कांद्याचा भाव आज विचारायचा असतो आणि एखाद्या पाहुण्याला आज भेटायचे नसते. हे सांगण्याची सोय त्यांना आजच मिळाली पाहिजे, आणि ती करून देणे हे स्पीच थेरपिस्ट म्हणून माझे पहिले काम आहे, असे मी मानते.

आता कळण्याविषयी. बहुतेक माणसांत भाषेचे काम मेंदूची डावी बाजू करते, आणि शरीराची उजवी बाजूही तीच चालवते. म्हणूनच अण्णांचा उजवा हात आणि बोलणे एकदमच गेले. या विकाराला वाचाघात म्हणतात. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्याने १८६१ मध्ये वर्णन केलेल्या रुग्णाला बोललेले समजत असे, पण तोंडातून एकच अक्षरसमूह निघे. कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये याच्या उलट प्रकार मांडला; त्यात माणूस भराभर बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट उमगत नाही. अण्णांचा प्रकार पहिल्याच्या जवळचा आहे. त्यांना बरेच कळते. लांबलचक वाक्य किंवा एकाच वेळी चौघांचे बोलणे मात्र झेपत नाही. आरती अडखळत का होईना म्हणता येते आणि एक ते दहा आकडे ओळीने येतात, पण नातवाचे नाव येत नाही, म्हणून ते मुद्दाम बोलत नाहीत असा तुझ्या काकांचा समज झाला आहे. तो कृपा करून दूर कर. पाठ असलेले म्हणणे आणि नवा विचार शब्दांत मांडणे या मेंदूच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. जे सहज येते त्याचाच आधार घेऊन आम्ही पुढचे शब्द बसवत जातो.

पहिल्या दिवशी मी त्यांचे बोलणे तपासण्याआधी गिळणे तपासले. पातळ चहा घेताना त्यांना ठसका लागत होता आणि घोटानंतर आवाज ओलसर येत होता. असे पातळ पदार्थ श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून त्यांना सरळ बसवून, लहान घोटांनी आणि मी सांगितले आहे तेवढेच दाट करून द्यायचे. हे आईंना पुन्हा एकदा सांग.

मग चित्रे पुढे ठेवली. प्रमाण मराठीत विचारले तेव्हा अण्णा चित्रांकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. तुमच्या घरात बागलाणची अहिराणी बोलतात हे मला ठाऊक असल्याने मी "पानी कोठे शे?" असे विचारले, आणि त्यांचा डावा हात लगेच तांब्याच्या चित्रावर गेला. पुढची चार चित्रेही बरोबर निघाली. शाळेची मराठी त्यांना येते, पण ती नंतर आली. ज्या भाषेत माणूस जन्मभर गुरांना हाका मारतो, भांडतो, नातवंडांना खेळवतो, त्या भाषेत तपासल्याखेरीज त्याला काय येत नाही हे ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही, असे माझे ठाम मत आहे. सुरगाणा-पेठकडची मुले येतात तेव्हाही हेच दिसते. त्यांची घरची बोली कोकणी (तिथल्या कोकणा आदिवासींची, गोव्याची नव्हे) असते, आणि प्रमाण मराठीत गप्प बसलेले मूल आजीने हाक मारताच बोलू लागते.

अण्णांसाठी मी फोटोंची वही करते आहे. तयार संचांतली चित्रे त्यांच्या काय कामाची? त्यात कांदाचाळ हवी, डाळिंबाची बाग हवी, त्यांचा चष्मा, गोळ्यांचा डबा, सटाण्याची बस, तू आणि मुले हवीत. शेवटच्या पानावर "होय", "नाही" आणि "हे नाही, दुसरे काही" असे तीन मोठे चौकोन आहेत. तिसरा चौकोन मला फार महत्त्वाचा वाटतो. तो नसला की माणूस समोरच्याने केलेल्या अंदाजांतच अडकून पडतो. वहीची सवय लागली तर बोलायचा कंटाळा येईल, अशी भीती आईंना आहे. अनुभव आणि संशोधन दोन्ही तसे सांगत नाहीत. सांगता येऊ लागले की चिडचिड कमी होते आणि शब्दासाठी प्रयत्न करायला धीर येतो. स्वमग्न मुलांच्या आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांच्या पालकांनाही मी हेच सांगते.

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, नंतर मंदावते, पण थांबत नाही. किती होईल याचे वचन मी देणार नाही.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राविषयीही तू विचारले होतेस. १९९५च्या कायद्यातील सात प्रकारांत वाचा-भाषेचे अपंगत्व नव्हते. २०१६च्या कायद्यातील २१ प्रकारांत ते आहे, आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र अपंगत्व कायमचे ठरावे लागते, म्हणून आत्ताच घाई नको. कागदपत्रे तेवढी जपून ठेव.

सटाणा ते नाशिक हे सुमारे ९० किलोमीटर अण्णांना दर खेपेला झेपणार नाहीत. त्यामुळे मधल्या आठवड्यांत मी व्हिडिओवर बोलेन, आणि शेजारी तुझा भाऊ बसेल. त्याला एवढेच सांग, की प्रश्न एका वेळी एकच विचारायचा, मग मनात दहापर्यंत मोजायचे आणि अण्णांचे वाक्य आपण पूर्ण करायचे नाही. आवाज चढवायचीही गरज नाही. त्यांना ऐकू येते.

तुझ्याकडून मला शेताचे आणि घराचे फोटो हवे आहेत. त्यांच्या मित्रांची नावे आणि ते त्यांना काय म्हणून हाक मारत, तेही लिहून पाठव. शुक्रवारपर्यंत मिळाले तर पुढच्या भेटीआधी वही पूर्ण होईल.

आईंना नमस्कार सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मीनल