कॅनडातला कार्बन कर कोर्टाने रद्द केलेला नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कॅनडाचा कार्बन कर न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, असा उल्लेख आपल्या अंकात आला आहे. घडले उलटेच. हरितगृह वायूंच्या उत्सर्जनावर दर लावणाऱ्या 2018 च्या केंद्रीय कायद्याविरुद्ध सस्कॅचेवान, ऑन्टारियो आणि अल्बर्टा हे प्रांत लढले. पहिल्या दोन प्रांतांच्या अपील न्यायालयांनी कायदा उचलून धरला, अल्बर्टाच्या न्यायालयाने 4-1 असा अमान्य केला. गोंधळ बहुधा इथूनच झाला असावा. 25 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 6-3 बहुमताने तो वैध ठरवला.

मात्र वैध नेमके काय ठरले? संपूर्ण 'पर्यावरण' केंद्राच्या हाती गेले नाही. सरन्यायाधीश वॅग्नर यांनी विषय मुद्दाम अरुंद ठेवला: उत्सर्जनावरील दराची देशभरासाठी किमान पातळी. प्रांताची स्वतःची व्यवस्था पुरेशी कडक असेल, तर केंद्राची आकारणी तिथे लागूच होत नाही. म्हणून क्यूबेक प्रांताचा कॅलिफोर्नियाशी जोडलेला उत्सर्जन-परवान्यांचा बाजार चालू राहिला. किमान पातळी केंद्रानेच का ठरवायची? कारण एका प्रांताने अंग काढून घेतले, की इतरांचे कष्ट पाण्यात जातात. 2005 ते 2016 या काळात ऑन्टारियोचे उत्सर्जन 22 टक्क्यांनी घटले, अल्बर्टाचे 14 टक्क्यांनी वाढले. देशाची एकूण घट जेमतेम 3.8 टक्के. आणि इंधनावरची ही आकारणी घटनेच्या दृष्टीने 'कर' नाही, तर महसुलासाठी नव्हे, वर्तन बदलण्यासाठी लावलेले नियामक शुल्क आहे, असेही बहुमताने म्हटले.

मग आज पेट्रोल पंपावर ही आकारणी नाही, ती गेली कशी? टनभर उत्सर्जनाला 80 कॅनेडियन डॉलर, म्हणजे पेट्रोलच्या लिटरमागे 17.61 सेंट असलेला दर पंतप्रधान मार्क कार्नी यांच्या सरकारने 1 एप्रिल 2025 पासून नियम बदलून शून्यावर आणला. मोठ्या उद्योगांवरची आकारणी कायम राहिली. खरे तर या व्यवस्थेला पहिला तडा त्याआधी केंद्र सरकारनेच दिला होता: ऑक्टोबर 2023 मध्ये घर तापवण्याच्या तेलाला तीन वर्षांची सूट जाहीर झाली. हे तेल मुख्यतः अटलांटिक प्रांतांत वापरतात. लगेच तशीच सूट मागत सस्कॅचेवानने जानेवारी 2024 पासून घरगुती गॅसवरची वसुली थांबवली. एकसमान किमान दर हाच ज्याचा घटनात्मक आधार, त्याला अशी सूट कशी परवडणार?

हा निकाल भारतात दाखला म्हणून वापरण्याआधी आपल्या राज्यघटनेचे कलम 253 वाचावे. आंतरराष्ट्रीय करार पाळण्यासाठी आपली संसद राज्यसूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते. कॅनडात प्रिव्ही कौन्सिलच्या (लंडनमधले, तेव्हाचे कॅनडाचे अंतिम अपील न्यायालय) 1937 च्या निकालाने ती वाट बंद आहे. म्हणूनच हवामानाच्या पॅरिस करारावर सही असूनही तिथल्या केंद्राला, साऱ्या देशाशी निगडित बाबींवर कायदा करू देणाऱ्या 'राष्ट्रीय चिंतेचा विषय' या तत्त्वाच्या आडवाटेने जावे लागले.

आपला,
एक वाचक, पुणे