बेलिफाचं कोण विचारणार?

मा. संपादक, स. न.

कोर्टांतल्या रिक्त जागांचा विषय संसदेत निघाला की मंत्र्यांचं उत्तर ठरलेलं असतं. खालच्या न्यायालयांतल्या नेमणुका राज्य सरकार आणि उच्च न्यायालयाने करायच्या, केंद्राचा त्यात संबंध नाही. उत्तर खोटं नाही. राज्यघटनेची कलमं २३३ ते २३५ तेच सांगतात. मग खासदारांनी दिल्लीत आवाज उठवला म्हणून आम्ही किती हुरळायचं? पदं मंजूर करणं आणि पगाराची तरतूद करणं राज्याकडे आहे. म्हणजे हा प्रश्न मुंबई-नागपूरच्या अधिवेशनात आमच्या आमदारांनी लावून धरायला हवा.

तोही नुसता न्यायाधीशांपुरता नको. आमच्या तालुक्याच्या कोर्टात माझा वाटणीचा दावा आहे. न्यायाधीश होते, वेळेवर बसतही होते. पण प्रतिवादी तीन गावांत आणि समन्स नेऊन देणारा बेलिफ एकच, तोही दोन कोर्टांचं काम बघणारा. समन्स बजावणी न होता परत यायचं, की पुढची तारीख. त्या माणसाला दोष देत नाही. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की आमच्या गावाला एसटीसुद्धा येत नाही.

समन्स एकदाचं बजावलं गेलं, तर आजोबांचा जमिनीचा कागद अडला. तो उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, त्यामुळे असे कागद मराठवाड्यात घरोघरी ट्रंकेत सापडतील. मशिदीतल्या मौलवीसाहेबांनी तो घडाघडा वाचून दाखवला, पण कोर्टाला अधिकृत भाषांतर लागतं आणि ते करणारा माणूस तिथे नाही. ही अडचण साताऱ्या-सांगलीच्या कोर्टाला सहसा येत नाही. सगळीकडे एकाच मापाने पदं दिली, तर ती कुणाच्या लक्षातही येणार नाही.

दिल्लीकडे डोळे लावूनच सगळं होतं असंही नाही. १९८१ साली औरंगाबादला खंडपीठ बसलं ते मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मान्यतेने काढलेल्या आदेशावर. कायमचं शिक्कामोर्तब १९८४ साली झालं.

मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत बेलिफ, लघुलेखक आणि उर्दू भाषांतरकारांची मंजूर पदं किती आणि त्यांतली भरलेली किती, एवढं तरी एखाद्या आमदाराने विधी व न्याय विभागाला विचारावं. माझा कागद अजून फाइलीतच आहे.

– एक पक्षकार, जि. परभणी